रिकाम्या खोलीचा आवाज

समीक्षेत एकूण पाच परिच्छेद होते आणि पहिल्या चारांत त्याची सालटी काढली होती. कथा कुबड्या घेऊन चालते, संवाद लिहिले आहेत की पोलीस ठाण्यातल्या फायलींतून उतरवले आहेत कळत नाही, आणि भर उन्हाळ्यात रेनकोट घालून हिंडणारा निवृत्त अधिकारी बघून प्रेक्षकाला भीती वाटत नाही, घाम येतो. खिडकीपाशी उभ्या उभ्या वाचताना तो एकदा हसलासुद्धा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत सहायक म्हणून राबल्यावर, त्रेचाळिसाव्या वर्षी, मित्रांच्या हातापाया पडून केलेला पहिला सिनेमा. त्याला कोणी हार घालून मिरवेल अशी त्याची समजूत नव्हती. रेनकोटाचं तर त्याला स्वतःलाच पटलं नव्हतं, पण नटाचं पोट झाकायला दुसरं काही मिळालं नाही. कपातला चहा संपत आला होता. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. मग पाचवा परिच्छेद आला. ‘पण एका मिनिटासाठी या सिनेमाचे सगळे गुन्हे माफ. खून झालेल्या घरात तो माणूस एकटा उभा आहे. संवाद नाही, संगीत नाही. आणि त्या शांततेच्या तळाशी, भिंतीपलीकडून, कोणीतरी हाक मारतं. दोनदा. शब्द कळत नाही, बाई आहे की पुरुष तेही नाही. इतकी खरी भीती मी अलीकडे कुठल्याच पडद्यावर ऐकलेली नाही. ही ज्याची कल्पना असेल त्याच्याकडे माझं लक्ष राहील.’ त्यानं कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. हातपाय गार पडले म्हणतात ते खरोखरच पडतात, आधी बोटं, मग तळवे. लक्ष राहील, हे दोनच शब्द तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

लोकांना वाटतं शांतता म्हणजे आवाज नसणं. सिनेमावाल्यांना तसं चालत नाही. प्रत्येक खोलीची स्वतःची एक शांतता असते, फ्रिजची घरघर, भिंतीतल्या नळांची कुजबुज, खिडकीच्या फटीतून येणारं बाहेरचं जग, आणि संवादांच्या मधल्या फटी बुजवायला ती लागते. म्हणून शूटिंग आटपलं की आवाजवाला सगळ्यांना पुतळे व्हायला लावतो आणि एक मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करतो. त्यांच्या भाषेत तो रूमटोन. त्यांच्या आवाजवाल्याला सगळे कानसेन म्हणत, कारण तिसऱ्या मजल्यावर कोणी चप्पल काढली तरी त्याला ऐकू जायची आणि तो शूटिंग थांबवायचा. अकरा दिवस त्या घरात रोज शेवटी ते मिनिट असायचं. पंधरा माणसं जागच्या जागी, कोणाचं नाक खाजतंय, कोणाला हसू येतंय, आणि कानसेन डोळे मिटून माइकची काठी धरून उभा. घर आईचं होतं. दुसरं घर भाड्यानं घ्यायची ऐपतच नव्हती, आणि आईनं आपण होऊन सांगितलं होतं, “माझं घर काय फोटोला चालणार नाही का रे?” सिनेमातली सगळी रात्र त्यांनी तिथं भर दुपारी तयार केली. खिडक्यांना काळं कापड ठोकलं, फटींना चिकटपट्टी लावली, आणि बाहेर शाळा सुटत असताना आत खून पाडले. आई आतल्या खोलीत दार लावून बसायची. तिला नियम सांगून ठेवले होते. घंटा वाजली की हलायचं नाही, पंखा बंद, खोकला आला तर उशीत तोंड. पंच्याहत्तरीची बाई अकरा दिवस शाळेतल्या मुलीसारखी ते पाळत होती, आणि जेवणाच्या सुट्टीत दार उघडून विचारायची, “मेला का रे तो? की अजून एक दिवस?” सगळे हसायचे. सगळ्यांची ती आई झाली होती.

अकराव्या दिवशी, अकरावं मिनिट चालू असताना, तिनं हाक मारली.

ते त्याला जसंच्या तसं आठवतं आणि म्हणूनच तो आठवत नाही. म्हणजे आठवणीत तो एका बाजूनं आत जातो आणि धप्प झालेल्या आवाजापाशी बाहेर पडतो, मधलं गाळून. ताईला त्यानं सांगितलं होतं ते असं: शूटिंग संपलं होतं, सामान आवरत होतो, गोंगाट होता, आतून धप्प आवाज आला, धावलो, आई पलंगाखाली. ताईनं ते रुग्णालयाच्या बाकावर बसून ऐकलं, डोळे पुसले आणि त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. “तू होतास म्हणून बरं,” ती म्हणाली. “एकटी असती तर?” डॉक्टर म्हणाले होते की मेंदूचा झटका आहे, अशा वेळी मिनिट न् मिनिट मोलाचं असतं. सगळ्याच डॉक्टरांची ती बोलायची पद्धत असेल. एका मिनिटानं असा काय फरक पडणार, हा हिशेब त्यानं इतक्या वेळा मांडला होता की त्याचं उत्तर काय यायचं तेच तो विसरला होता. आणि खरं तर प्रश्न मिनिटाचा नव्हताच. प्रश्न हा होता की पहिली हाक ऐकल्यावर त्याच्या मनात जे आलं ते काळजी नव्हती, राग होता. अकरा दिवस नीट वागलीस आणि आता शेवटच्या मिनिटाला? कानसेननं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं होतं. पंधराच्या पंधरा जण पाहत होते. आणि त्यानं हात वर केला होता, थांबा, हलू नका, म्हणून. तिला चहा हवा असेल. पंखा लावू का विचारत असेल. मग दुसरी हाक आली. मग तिसरी, जराशी जड, झोपेतून आल्यासारखी. चौथी. पाचवीत नुसतं पहिलं अक्षर होतं. कानसेननं घड्याळ बघून मान हलवली तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला, आणि त्याच श्वासात आतून तो धप्प आवाज आला. तेवढं मात्र खरं होतं. धावला तो तेव्हाच.

बरं, पुढं काय करावं माणसानं? ते रेकॉर्डिंग फेकून द्यावं. कोणीही दिलं असतं. पण चार महिन्यांनी संकलनाला बसल्यावर, रेनकोटवाला अंधाऱ्या खोलीत उभा राहतो तो प्रसंग काही केल्या उभा राहीना. त्या खोलीत आधी घेतलेल्या सगळ्या शांततेत लिफ्टची खरखर घुसली होती. त्यानं एकट्यानं कानाला हेडफोन लावून अकराव्या दिवसाचं मिनिट त्या प्रसंगाखाली टाकलं, फक्त बघायला, फक्त एकदा. आणि प्रसंग उभा राहिला. अंगावर काटा आला त्याच्या, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो काटा मुलाचा नव्हता, दिग्दर्शकाचा होता. चांगलं झालं होतं. दोन हाका ठेवल्या, उरलेल्या कापल्या, आवाज अगदी तळाशी नेला, इतका की कोणाला कळणार नाही पण जाणवेल. कळणार नाही, हे त्यानं स्वतःला शपथेवर सांगितलं होतं. आणि आता कळलं होतं. अजून शब्द कळला नव्हता, एवढंच.

रविवारी आणखी तीन समीक्षा आल्या, आणि तिघांनीही पहिलीची री ओढली. रेनकोटावर तिघंही हसले आणि हाकेपाशी तिघंही गंभीर झाले. एकीनं लिहिलं की ती हाक म्हणजे नायकाची सदसद्विवेकबुद्धी. दुसऱ्याला त्यात मृत बायको ऐकू आली. तिसरा म्हणाला, मांजर आहे, पण काय मांजर आहे! एरवी हे वाचून तो मित्रांना फोन करकरून हसला असता. वितरकाचा फोन आला, “साहेब, दुपारचे खेळ भरतायत, लोक कान देऊन बसतायत, तुम्ही काय जादू केलीत?” तो म्हणाला, जादू वगैरे काही नाही. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं की कोणीतरी मागं उभं आहे, आणि त्यानं वळून पाहिलं नाही, कारण कोणी नसणार हे त्याला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं. दिवसाढवळ्या घरातून बाहेर पडताना त्यानं जिन्यात थांबून कानोसा घेतला. पानाच्या ठेल्यापाशी दोन जण बोलत होते, त्यातल्या एकानं मान वर केली, आणि तो दोन पावलं मागं सरला. माणूस रस्त्याचं नाव विचारत होता.

कारण आई गेली नव्हती. आई ताईकडे होती, उजवी बाजू गेलेली, चाकांच्या खुर्चीत, आणि तिची वाचा गेली होती, एक शब्द सोडून. तो शब्द बाळू. त्याचं घरातलं नाव. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी, झटक्याच्या वेळी जो शब्द जिभेवर असेल तोच राहतो, बाकीची पाटी कोरी. आईला पाणी हवं असलं तरी बाळू, पाठ खाजली तरी बाळू, जावयानं टीव्हीचा आवाज मोठा केला तरी रागानं बाळू. ताई हसत हसत कपाळावर हात मारायची. “करून करून मी मरते आणि नाव तुझं! पुढच्या जन्मी मलाच मुलगा कर म्हणावं.” आणि मग कधीतरी, भांडी पुसता पुसता, “शेवटी तुझीच आठवण काढली असेल रे तिनं.” तो म्हणायचा, काय माहीत. ताईकडे जाणं त्यानं हळूहळू कमी केलं होतं. आधी दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग संकलनाची, प्रदर्शनाची निमित्तं. आईसमोर बसलं की ती डाव्या हातानं त्याचं मनगट धरायची आणि म्हणायची, बाळू. त्यात पाणी असायचं की पाठ असायची की ते मिनिट असायचं, हे त्याला ओळखता येत नसे. तिला आठवत असेल? किती वेळ मारली हाक, हे तिच्याशिवाय आणि त्या पंधरा जणांशिवाय कोणाला ठाऊक होतं? आणि ती पंधरा माणसं आपापल्या कामाला पांगली होती.

रविवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. “उद्या दुपारच्या खेळाला येते,” ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यानं विचारलं, पेपर वाचलास का? “वाचला,” ती म्हणाली. “उद्या बोलू. तू येशील ना?” तो म्हणाला, बघतो, काम आहे. “ये,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला. लहानपणी त्यानं काही फोडलं की ताई आधी आईला सांगायची नाही, आधी त्याला बोलवायची, ‘ये’ म्हणून, अशीच. एवढीशी ताई, परकराला हात पुसत उभी, आणि त्याची पाचावर धारण.

सोमवारी सकाळी तो कानसेनच्या स्टुडिओत जाऊन बसला. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, तिथं स्वतःचा श्वाससुद्धा उसना वाटायचा. तो म्हणाला, ती हाक काढ. दुपारच्या आत नवी प्रत थिएटरात पोचली पाहिजे.

“डोकं फिरलंय तुझं,” कानसेन म्हणाला. “अख्खं गाव त्या एका मिनिटासाठी येतंय आणि तू तेच काढतोस? राहील काय मग? रेनकोट?”

“काढ म्हणतो ना.”

कानसेननं काही वेळ नुसती बटणं पुसली. मग मान न वळवता म्हणाला, “मी तेव्हा तुझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, तू थांबवशील. मला ऐकू येतंय म्हणजे तुलाही येत असणार. पण म्हटलं, आई त्याची आहे, त्याला कळत असेल.”   कानसेन पुढं म्हणाला, “मीसुद्धा काठी धरूनच उभा होतो, बाबा. तुला एकट्याला नाही म्हणत.” पण ती समजूत त्याला नको होती. त्याला फक्त ती दुपार पार पडायला हवी होती. कानसेननं दुसऱ्या एका दिवसाची, न्हाणीघराबाहेरच्या बोळाची शांतता आणून तिथं चिकटवली. ऐकवलं. एक मिनिट, आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं. त्याच्या जिवात जीव आला. एवढं सोपं होतं हे! मग आपण गेले दोन दिवस मेल्यासारखे का फिरत होतो, असं त्याला वाटलं, आणि नवी प्रत पुढं धाडून थिएटरपर्यंत तो चालतच गेला, उन्हातून, जवळजवळ शीळ घालत.

थिएटरच्या दारात ताई उभी होती, आणि तिच्या हातात खुर्चीची मूठ होती, आणि खुर्चीत आई होती. ठेवणीतली साडी नेसवलेली, केस चोपून बसवलेले. त्याला बघून आईचं अर्धं तोंड हसलं. “बाळू,” ती म्हणाली.

“आईला कशाला आणलंस?” त्याच्या तोंडून निघालं.

“मी काल येऊन गेले,” ताई म्हणाली. “एकटीच. पेपरात वाचलं आणि कसं कोण जाणे, मनात पाल चुकचुकली. म्हटलं, घर आपलं, भिंत आपली, मग भिंतीपलीकडं कोण असणार? आवाज आला आणि मी ओळखला. दोनदा आला ना? दुसऱ्यांदा मी रडले. शेजारची बाई म्हणे, ‘इतकं काय, सिनेमा आहे.’” तिनं पदरानं नाक पुसलं. “मला वाटायचं तिचा आधीचा आवाज आपल्याकडं कुठंच नाही. मी विसरत चालले होते रे. तिला ऐकवायचाय. तिचा तिला.”

त्याला वाटलं, आत्ता सांगावं की तो काढलाय. पण त्यानं दार उघडून धरलं. ताई खुर्ची ढकलत दोन पावलं गेली आणि थांबली. मागं न बघता तिनं विचारलं, अगदी साधं, भाजी किती आणू विचारावं तसं, “किती वेळा मारली होती रे हाक?”

“दोनदाच,” तो म्हणाला. “सिनेमात आहे तेवढीच.”

“आणि तू?”

“मी गेलो ना लगेच.”

ताईनं मान डोलावली. खुर्ची आत गेली. चौथ्या रांगेच्या कडेला एक जागा मोकळी होती तिथं ताईनं ती लावली, चाकांना अडसर घातला आणि शेजारी बसली. तो सगळ्यात मागं जाऊन बसला, भिंतीला पाठ लावून. बरेच लोक होते, सोमवार दुपारच्या मानानं बरेचच. सिनेमा सुरू झाला आणि लोक त्यात नव्हतेच. रेनकोट आला तेव्हा खुसखुसले, प्रेताच्या वेळी कोणी वेष्टन फोडून काहीतरी खाल्लं, सगळे त्या मिनिटाची वाट बघत होते. त्यालाही पडदा दिसत नव्हता, चौथ्या रांगेतली दोन डोकी दिसत होती. ताईचं मधूनमधून आईकडं झुकत होतं, काहीतरी सांगत होतं, बघ, तुझं कपाट, बघ, तुझा आरसा. पडद्यावरचा अंधार आईच्या घराचा होता. त्या काळ्या कापडामागं दुपार होती हे या सगळ्यांत त्याला एकट्याला माहीत होतं, आणि आईला.

दार उघडलं. रेनकोटवाला खोलीत आला आणि उभा राहिला. संगीत थांबलं. थिएटरातली माणसं पुढं सरकली, खुर्च्या करकरल्या, खाणारा थांबला. बोळाची शांतता सुरू झाली. पाच सेकंद, दहा. इथं पहिली यायची. आली नाही. कोणीतरी कुजबुजलं, “येतेय बघ आता.” वीस. ताईचं डोकं ताठ झालं. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला होता, ऐक हं, म्हणून. तीस सेकंदांना दुसरी यायची, तीही आली नाही, आणि लोकांमध्ये एक बारीकशी चुळबुळ उठली, फसवणुकीची. ताईनं मान वळवली. अंधारात ती त्याला शोधत होती, आणि तो खुर्चीत खाली खाली सरकला. सुटलो, असं त्याच्या मनात यायचं होतं. पण भीती कमी होईना, उलट वाढली. त्या स्वच्छ, धुतलेल्या शांततेत आता कुठलाच आडोसा नव्हता, त्याला स्वतःचं रक्त ऐकू येत होतं, आणि त्याला कळलं की काहीतरी होणार आहे आणि ते थांबवणारं बटण कानसेनकडेही नाही.

“बाळू,” आई म्हणाली.

मोठ्यानं, स्पष्ट. अख्खं थिएटर शहारलं. कोणी मागं वळलं नाही, कोणी गप्प बसा म्हणालं नाही, सगळे पडद्याकडंच बघत राहिले, तोंडं उघडी, कारण त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं होतं. “बाप रे,” पुढच्या रांगेतला एक जण पुटपुटला. “बाळू,” आई पुन्हा म्हणाली. पाणी हवं असेल. पाठ असेल. घर ओळखलं असेल, अंधार ओळखला असेल. तो जागचा हलला नाही. माणसं बसली होती, पडदा चालू होता, अशा वेळी हलायचं नसतं हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं, आणि त्यानं स्वतःच्या दोन्ही मांड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या. तिसरी हाक आली. तो मोजत होता. देवा, तो मोजत होता.

“ओ,” तो म्हणाला.

आवाज फुटलाच नाही. घसा खरवडून त्यानं पुन्हा दिली, “ओ! आई, ओ!” आणि मग मात्र लोक वळले. कोणी म्हणालं, “अहो, बसा खाली.” तो लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, कोणाच्या तरी पायावर पाय देत, हातानं खुर्च्यांच्या पाठी चाचपत खाली उतरला आणि आईच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसला. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. हात गरम होता. पडद्यावरचं मिनिट संपलं होतं, रेनकोटवाला पुढच्या खुनाकडं निघाला होता.

“काढलास होय रे तो आवाज?” ताईनं विचारलं. ती पडद्याकडंच बघत होती.

“पाच वेळा हाक मारली होती तिनं, ताई,” तो म्हणाला. “मी बाहेरच उभा होतो. ऐकत होतो.”

पडद्याचा उजेड ताईच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. मागून कोणीतरी चिडून च्यक् केलं.

“किती वेळ?” ताई म्हणाली.

“मिनिटभर. पूर्ण.”

 ताईनं खुर्चीच्या मुठीवरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि तो तिथंच राहिला. सिनेमा अजून तासभर होता. आईनं त्याचं मनगट सोडलं नाही.

“बाळू,” ती म्हणाली.

“ओ,” तो म्हणाला.